काठाचा हिशेब

हैदराबादला समुद्र नाही. गोदी नाही, धक्का नाही, भरती-ओहोटी नाही. तरी या शहराचा बराचसा इतिहास पाण्याच्या काठावर घडला आहे, आणि दरवर्षी अनंत चतुर्दशीला आपणही त्याच काठावर जाऊन उभे राहतो. २०२४ मध्ये मुसी नदीच्या काठाच्या विकासासाठी दीड लाख कोटी रुपये हा आकडा चर्चेत आला आणि त्यावरून मोठा वाद झाला. राजकारण बाजूला ठेवले तरी सामान्य माणसाच्या मनातला प्रश्न उरतोच. नदीला दोन भिंती, एक रस्ता, थोडे घाट आणि झाडे, याला एवढा पैसा कशाला लागतो?

पाण्याच्या कडेला काहीही बांधायचे तर ते महाग पडते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. ते का महाग पडते, हे समजून घ्यायला आधी थोडे कोकणात जावे लागेल.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी समोरच्या बेटावर पद्मदुर्ग उभारला. हे काम चालू असताना जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेले एक कडक पत्र प्रसिद्ध आहे. आरमारासाठी ठरलेली रक्कम आणि धान्य सुभेदाराने वेळेवर पोचवले नव्हते. पत्रातला राग आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यातला हिशेब मात्र क्वचितच कोणी पाहतो. जमिनीवरच्या गडाचे काम चार महिने थांबले तर पाथरवट घरी जातो, एवढेच. भर समुद्रातल्या बेटावर मात्र माणसांना प्यायचे पाणी आणि जळणाची लाकडेसुद्धा होडीतून न्यावी लागतात, शत्रू चोहोबाजूंनी टपलेला असतो, पावसाळ्यात होड्या बंद होतात आणि अर्धवट राहिलेले काम लाटा धुऊन नेतात. म्हणजे तिथे उशीर हाच खर्चाचा सर्वांत मोठा मुद्दा असतो. आजचा ठेकेदार बोलीत पावसाळ्याचे चार महिने धरतो, ते याच कारणाने. पद्मदुर्गाच्या तटाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. चुन्यावर काटकसर केली नव्हती, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

दुसरे उदाहरण विजयदुर्गाजवळचे. वाघोटण खाडीत गिर्ये गावापाशी मराठा आरमाराची गोदी आहे, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, खडकात खोदून काढलेली. आंग्रे-धुळपांच्या काळातली जहाजे इथे दुरुस्त होत. गोदीत जहाज घ्यायचे तर पाणी हवे आणि त्याच्या बुडाशी काम करायचे तर पाणी नको. ही अडचण भरती-ओहोटीने फुकटात सोडवली. भरतीला जहाज आत, ओहोटीला पाणी बाहेर. लाटांपासून आडोसा खाडीने दिला, पाया खडकाने दिला. बांधणाऱ्याचे खरे कौशल्य जागा निवडण्यात होते, खोदाई नंतरची.

हीच भरती मुंबईत दोन्ही बाजूंनी चालली. तिथे उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या काळात, १७५० मध्ये, मुंबईची सुकी गोदी तयार झाली, तेव्हा हा चढउतार उपकारक ठरला. पुढे माल चढवण्या-उतरवण्यासाठी मोठमोठी जहाजे सतत तरंगती ठेवायची वेळ आली आणि तोच चढउतार अडचणीचा झाला. ओहोटीला जहाज चिखलात बसू नये म्हणून दरवाजे लावून आतले पाणी कोंडून ठेवणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या. १८८० ची प्रिन्सेस डॉक, १८८८ ची व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ची अलेक्झांड्रा डॉक या त्यातल्या. पाणी किती खोल आहे, यापेक्षा ते किती हलते, यावर काठाचा खर्च अधिक ठरतो.

जाता जाता एक गोष्ट. निजामालाही समुद्राची ओढ होतीच. संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत पोर्तुगिजांकडून गोवा किंवा निदान मुरगाव बंदराचा हक्क मिळवण्याची खटपट हैदराबादने केली होती. बंदर मिळाले असते तरी तिथपर्यंत जाणारी वाट परक्या मुलखातून होती. त्या वाटेची किंमत निजामाच्या तिजोरीलाही झेपणारी नव्हती.

आता आपल्या गावात येऊ.

हुसेनसागर १५६२ मध्ये इब्राहीम कुली कुतुबशाहाच्या कारकिर्दीत हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. किती खर्च आला? अनेक पुस्तिकांतून २,५४,६३६ रुपये असा आकडा छापलेला आढळतो. शेवटच्या सहा रुपयांपर्यंतचा हा नेमकेपणा मला थोडा संशयास्पद वाटतो, कारण गोवळकोंड्याचे मोठे व्यवहार होनांत होत. पण आकडा खरा मानला तरी त्यातून कळते ते एवढेच की तलाव नावाची वस्तू म्हणजे मुख्यतः एक बांध. तीन बाजूंनी जमिनीचा उतार आयता मिळाला, चौथ्या बाजूला माती आणि दगड घालून बांध उभा केला. दख्खनच्या पठारावर दगड कुठेही हाताशी आहे. दगडाची किंमत दगडात नसते, वाहतुकीत असते. गाडीभर दगड दहा कोस आणायचा तर बैल आणि गाडीवान दगडापेक्षा महाग पडतात. इथे तो खर्च जवळजवळ नव्हता. पाण्याची सोय मात्र वेगळी करावी लागली. तलावाला स्वतःचे पाणी पुरेना, म्हणून मुसीतून बल्कापूर कालव्याने ते आणावे लागले. बांधाइतकेच महत्त्व त्या कालव्याला आहे, पण टँकबंडवर फिरायला येणाऱ्याला कालवा दिसत नाही.

या तलावाचा एक मोठा गुण असा की त्याची पातळी फारशी हलत नाही. भरला की सांडव्यावरून जादा पाणी निघून जाते. पूर्ण भरलेल्या तलावाची पातळी ५१३.४१ मीटर ठरलेली आहे. पातळी स्थिर असली की पायऱ्या कुठवर न्यायच्या, होडीचा धक्का किती उंच ठेवायचा, हे एकदाच ठरवावे लागते. होडीचा क्लब, उद्याने, विसर्जनाच्या जागा हे सारे हुसेनसागराच्या काठावर झाले, नदीच्या काठावर फारसे झाले नाही, याचे हे एक कारण असावे. मुसी अकरा महिने ओहळासारखी असते आणि एखाद्या रात्री समुद्र होते. अशा नदीला घाट बांधायचा तर कोणत्या पातळीला बांधायचा?

ती रात्र आली २८ सप्टेंबर १९०८ ला. नवरात्र नुकतेच बसले होते. जुन्या हैदराबादी घरांत अजूनही तिला तुग्यानी म्हणतात. सुमारे पंधरा हजार माणसे गेली आणि ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले असे अंदाज आहेत. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर दीडशे लोकांनी जीव वाचवला. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयात दाखवतात. नदीवरचे अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल वाहून गेले. उरला तो १५७८ चा पुराणापूल. एका राजपुत्राच्या प्रेमासाठी तो बांधला अशी कथा सांगतात. गोवळकोंड्याहून नदीपलीकडे चालणारा व्यापार हे एवढ्या खर्चाचे कारण मला अधिक पटते. बावीस कमानींचा, नदीपात्रापासून चांगला उंच असा हा पूल बांधताना कोणीतरी जास्तीचा पैसा मंजूर केला होता. १८२० च्या पुरानंतर सिकंदरजाहाच्या काळात त्याची दुरुस्तीही झाली होती. बांधल्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी त्या जास्तीच्या पैशाचा उपयोग झाला.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. मराठी माणसाला हे नाव परके नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते अभियंता झाले, मुंबई इलाख्यात नाशिक, खानदेश, पुणे अशी त्यांची नोकरी झाली आणि खडकवासल्याला पुराचे पाणी आपोआप सोडणारे दरवाजे त्यांनी बसवले. १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडून ते युरोपच्या प्रवासाला गेले होते. तिथे हैदराबादची तार त्यांना मिळाली. एप्रिल १९०९ मध्ये ते इथे आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अहवाल दिला.

लोकांची अपेक्षा साधी होती: नदीला उंच भिंती बांधा. विश्वेश्वरय्यांनी आधी शहर सोडून वरच्या अंगाला पाहिले. मुसीच्या पाणलोटात तेव्हा ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांतले २२१ त्या पावसात फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावात, तो फुटला की त्याच्या खालच्यात. हैदराबादेवर आलेली लाट केवळ आभाळातून पडलेल्या पावसाची नव्हती. शतकानुशतके साठवत आलेल्या पाण्याचाही तिच्यात वाटा होता.

इथे भिंतीचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या खर्चाचे मूळ त्यात आहे. पाणी भिंतीला ढकलते तो दाब खोलीबरोबर वाढतो. त्यामुळे पाण्याची उंची दुप्पट झाली तर भिंतीवरचा एकूण रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. दहा फुटांची भिंत जेवढ्या दगडात उभी राहते, त्याच्या दुप्पट दगडात वीस फुटांची भिंत उभी राहत नाही. तिचे बूड रुंद करावे लागते, पाया खोल न्यावा लागतो, आणि पाया नदीपात्रात असल्यामुळे आधी आडबांध घालून पाणी उपसावे लागते. या उपशाचा खर्च निविदेत एका ओळीचा असतो आणि प्रत्यक्षात रात्रंदिवसाचा. शिवाय शहरात नदीला भिंतींत कोंडले की पाणी पसरण्याऐवजी वर चढते, म्हणून भिंत आणखी उंच लागते. भिंत उंच केल्यामुळे भिंत उंच करावी लागण्याचा हा प्रकार.

विश्वेश्वरय्यांचा तोडगा असा, की पुराची उंचीच कमी करा. शहराच्या काही मैल वर मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर दुसरे धरण बांधा. पुराचे पाणी तिथे थांबवा, बेताबेताने सोडा. मग शहरातल्या काठाच्या भिंती आटोक्यात राहतील. पूर काही फुटांनी उतरला की त्या काही फुटांचा चौपट-आठपट खर्च वाचतो. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. या दोन्ही तलावांनी पुढे शहराला प्यायचे पाणी दिले. उस्मानसागराचे पाणी तर उतारानेच शहरात येई. म्हणजे एका बांधकामाचा खर्च दोन खात्यांवर वाटला गेला. आजच्या काठाच्या योजनांत असा वाटा क्वचितच आढळतो.

त्यानंतरच काठ सजवण्याला अर्थ आला. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दोन्ही तीरांना दगडी भिंती झाल्या. दक्षिण तीरावर उच्च न्यायालय आणि सिटी कॉलेज, उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय, पुढे आसफिया ग्रंथालयाची इमारत. सुलतान बाजार, काचीगुडा, शालिबंडा या भागांतल्या आपल्या जुन्या कुटुंबांनी ज्या काठावरून शाळा-कचेरी गाठली, तो हा काठ. न्यायालयाच्या घुमटांचे फोटो सगळे काढतात. हे घुमट ज्या जागेवर उभे आहेत, ती जागा राखायला गंडीपेठेला केवढा बांध घालावा लागला, हे त्या फोटोत येत नाही. मला विचाराल तर मुसीचा काठ हैदराबादेत बांधला गेला नाही, तो गंडीपेठेला बांधला गेला.

पाण्याखालच्या तळाने दिलेला धडा मात्र अलीकडचा आहे. एन. टी. रामाराव यांच्या मनात हुसेनसागराच्या मध्यभागी बुद्धमूर्ती उभारायचे होते. भोनगीरजवळच्या रायगिरीला अखंड ग्रॅनाइटमधून सुमारे साडेतीनशे टनांची, अठ्ठावन्न फुटी मूर्ती गणपती स्थपतींच्या हातून घडली. ती डोंगरातून काढली गेली, शेकडो चाकांच्या वाहनावरून शहरात आली. तलावातल्या जिब्राल्टर रॉक नावाच्या खडकावर तिची जागा ठरली होती; पाया निसर्गानेच दिलेला, गिर्येच्या गोदीसारखा. राहिले ते काठापासून खडकापर्यंतचे पाणी. १० मार्च १९९० ला तराफा कलंडला, मूर्ती तळाला गेली आणि माणसेही बुडाली. १ डिसेंबर १९९२ ला ती वर काढून खडकावर उभी केली गेली, तोपर्यंत पावणेतीन वर्षे ती गाळात पडून होती. दगडाला काही झाले नाही. साऱ्या प्रवासातले सर्वांत छोटे अंतर सर्वांत महाग पडले, आणि ती किंमत नुसत्या रुपयांत मोजता येत नाही.

तो गाळ आपल्याही ओळखीचा आहे. खैरताबादच्या गणपतीची सुरुवात १९५४ मध्ये सिंगरी शंकरय्या यांनी एका फुटाच्या मूर्तीने केली. २०२४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, मूर्ती सत्तर फुटांची होती. ती जिथे पाण्यात उतरते ती एनटीआर मार्गावरची क्रेन नंबर चार आता इतकी प्रसिद्ध आहे की रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. क्रेनचे भाडे लोकांना कळते. पण एवढे वजन हवेत तोलून धरणारी क्रेन पाण्याच्या अगदी कडेला उभी राहते, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन आणि कडेची भिंत यांनी तो भार पेलायचा असतो. काठ भरावाचा असेल, खाली गाळ असेल, तर भिंतीवर पाण्याच्या बाजूने पाणी रेटते आणि जमिनीच्या बाजूने माती अधिक क्रेन. ज्या काठावर फक्त माणसे फिरणार तो काठ, आणि ज्यावर क्रेन उभी राहणार तो काठ, यांच्या किमतीत मोठे अंतर असते. बंदराच्या धक्क्याचे आणि आपल्या विसर्जनाच्या कट्ट्याचे शास्त्र इथे एकच होते.

वर विसर्जनानंतरचा उपसा आहेच. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने हुसेनसागरात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विसर्जित करण्यास मनाई केली, तेव्हा त्या वर्षापुरती सवलत सर्वोच्च न्यायालयातून मिळवावी लागली. आता शहरभर विसर्जनासाठी छोटी कुंडे केली जातात. काहींना त्यात मजा वाटत नाही. हिशेबाच्या बाजूने पाहिले तर कुंडाचा खर्च एकदा मोजून संपतो, तलावाच्या तळाशी बसलेल्या मूर्तींचा आणि सळयांचा खर्च दरवर्षी येतो.

आता पुन्हा त्या दीड लाख कोटींकडे. त्यातले किती प्रत्यक्ष लागतील यावर आज बोलण्यात अर्थ नाही, पण पैसा कशात जाणार हे वरच्या इतिहासातून दिसते. भिंत आणि रस्ता हा त्यातला लहान भाग. पहिली मोठी बाब म्हणजे पाणी. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावर जे पाणी डोळ्यांना सुख देते ते नर्मदेच्या कालव्याचे आहे. मुसीसाठी गोदावरीचे पाणी उस्मानसागर आणि हिमायतसागरात आणण्याच्या योजनेची २०२५ मध्ये पायाभरणी झाली. नाशिकहून निघून पैठण-नांदेडवरून आलेली आपली गोदामाई आता मुसीचा काठ जिवंत ठेवायला येणार. पंपाने उचलून आणलेले पाणी म्हणजे विजेचे बिल, आणि ते दर महिन्याला येते. दुसरी बाब सांडपाणी. शहराचे नाले नदीत पडत राहिले तर घाटाच्या पायरीवर कोणी बसणार नाही, म्हणून शुद्धीकरण केंद्रे आधी लागतात.

तिसरी बाब जमीन. १९०८ नंतर पूर आटोक्यात आला आणि लोक हळूहळू पात्रात उतरले. ज्या सुरक्षिततेसाठी दोन धरणे बांधली, तिनेच नदीतली जमीन स्वस्त आणि राहण्याजोगी केली. २०२४ च्या सप्टेंबरात अधिकाऱ्यांनी पात्रातल्या घरांवर लाल रंगात आरबी-एक्स अशी अक्षरे लिहिली. काही कुटुंबांना सरकारी दोन बेडरूमच्या घरांत हलवले, काहींनी कागदपत्रे पुढे केली, काही न्यायालयात गेली. त्यांच्यातल्या अनेकांनी घराचा कर भरला होता, विजेचे मीटर घेतले होते. हा खर्च अंदाजपत्रकात पुनर्वसन या नावाने एका रकान्यात बसतो. शाळेपासून, धुण्याभांड्याच्या कामापासून, रोजच्या बाजारापासून तुटण्याची किंमत त्या रकान्यात येत नाही, आणि ती भरतो तो काठावर फिरायला येणारा माणूस नव्हे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर चाललेल्या कामावरूनही वाद आहेत. तिथला मुख्य आक्षेप असा की नदीचे पात्र अरुंद केले तर पुराचे पाणी चढेल. विश्वेश्वरय्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेले गणितच ते.

पात्रात फक्त गरिबांची घरेच नाहीत. महात्मा गांधी बसस्थानक, आपले इमलीबन, मुसीच्या पात्रातच उभे आहे. बांधताना जागा सोयीची होती, शहराच्या मध्यावर होती, आणि संपादनाची कटकट नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस वर पाऊस झाला, उस्मानसागर आणि हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले, आणि मुसीचे पाणी रात्री बसस्थानकात शिरले. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. दसरा आठवड्यावर आला होता. गावी जाणाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या ठिकाणांहून सोडण्यात आल्या.